गाडी खाली आणताय? आधी मागच्या सीटवर कोण बसतं ते पाहा



गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत कंबरदुखीचा एक नवा पेशंट दिसू लागला आहे. वय पंचविशी-तिशीचं, जिमला जाणारा, वजन आटोक्यात, ओझी उचलण्याचं काम नाही. तरी कंबर धरलेली. आता मी अशा तरुणाला एक प्रश्न हमखास विचारतो, "गाडी कुठली, आणि तिचे शॉकअप बदललेत का?"

मागच्या पावसाळ्यात अंबरनाथचा असाच एक तरुण आला. सोबत आई, वय ६४. दुखणं दोघांनाही होतं. त्याची कंबर दीड महिन्यापासून दुखत होती. आईंचं दुखणं चार दिवसांचं, पण त्यांना कूससुद्धा बदलता येत नव्हती. त्या म्हणाल्या, "मागं बसले होते. गाडी ब्रेकरवर आदळली आणि पाठीत कट्टकन आवाज आला." एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला.

मुलाने दोन महिन्यांपूर्वीच आपल्या स्पोर्टी गाडीला कॉइलओव्हर बसवून ती साडेचार सेंटिमीटर खाली आणली होती. एक्स-रे पाहून तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, मी स्वस्तातले घेतले म्हणून असं झालं का? चांगल्या कंपनीचे घेऊ का?"

आजचा लेख या प्रश्नासाठी आहे, कारण मुळात प्रश्नच चुकलेला आहे. माझं मत आधीच सांगतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रोज चालणारी आणि घरची माणसं बसणारी गाडी खाली आणू नये. कॉइलओव्हर वीस हजारांचे असोत की दोन लाखांचे.

कॉइलओव्हर म्हणजे काय?

साध्या भाषेत, स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच जोड. शॉकअपच्या नळीवर आटे असतात. त्यावरची रिंग फिरवली की गाडीची उंची कमी-जास्त होते. काही प्रकारांत वर एक नॉब असतो, त्याने शॉकअप कडक किंवा सैल करता येतो.

ही वस्तू वाईट नाही. गाडीचं वजन जमिनीजवळ आलं की वळणावर ती कमी कलंडते. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर याचा खरा उपयोग आहे. तिथला रस्ता गुळगुळीत असतो आणि मागच्या सीटवर कोणाची आई बसलेली नसते.

कंबर कशी दुखते?

चाक खड्ड्यात जातं किंवा ब्रेकरवर चढतं तेव्हा त्याला वर-खाली व्हायला जागा लागते. गाडी साडेचार सेंटिमीटर खाली आणली की वरच्या बाजूची तेवढी जागा कमी होते. उरलेली जागा संपली की शॉकअप रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि धक्का सरळ सीटमधून माकडहाडाला बसतो.

हे आदळणं टाळायचं म्हणून खाली आणलेल्या गाडीला जास्त कडक स्प्रिंग देतात. इथे थोडं विज्ञान समजून घ्या. साधी गाडी आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १ ते दीड वेळा डोलते. चालताना आपण सेकंदाला जवळपास दोन पावलं टाकतो, म्हणून असा संथ डोल शरीराला सोसतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली की हा वेग साधारण १.४ पट होतो. ट्रॅकसाठी बनवलेल्या कडक संचात तो सेकंदाला दोन-अडीचच्याही पुढे जातो. स्प्रिंग मऊ असेल तर ती जलद हादरे गिळते. कडक झाली की तेच हादरे वर सोडते.

बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. या पट्ट्यात शरीर हादरा नुसता सोसत नाही, तो वाढवतं. शरीराला बसणारी कंपनं मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २६३१, याच पट्ट्याला सर्वाधिक महत्त्व देतं. ट्रक, बस आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त का असते, याचं एक मोठं कारण हेच.

मणक्यांमधल्या गादीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. ती झिजली की सहज भरून येत नाही. त्यात पुढे वाकून बसल्यावर गादीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो. वाकून बसायचं आणि वर रोज तासभर हादरे खायचे, मग कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांनी तक्रार केली तर त्यांचं काय चुकलं?

"पण डॉक्टर..."

*"मी महागडे घेतले आहेत."* चांगल्या कंपनीचा शॉकअप उसळी नीट आवरतो, गळत नाही, जास्त टिकतो. हे मान्य. काही संचांत उंची खालच्या ब्रॅकेटवरून बदलते, त्यामुळे शॉकअपची स्वतःची चाल शाबूत राहते. पण चाक आणि मडगार्ड यांतलं अंतर, गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर कमी झालंच ना? पैशाने धातू चांगला मिळतो, जागा मिळत नाही.

*"मी नॉब एकदम सॉफ्टवर ठेवतो."* नॉबने शॉकअप सैल होतो, स्प्रिंग मऊ होत नाही. उलट कडक स्प्रिंगला सैल शॉकअप मिळाला तर गाडी जास्त उसळते.

*"मला काही होत नाही."* होत नसेल. विशीतल्या गाद्या बरंच सहन करतात. पण गाडीत तुम्ही एकटेच बसता का?

आपल्या रस्त्यांचा हिशोब

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चढ-उतार सावकाश होतो. आता उल्हासनगरच्या कोणत्याही कॅम्पातल्या गल्लीतले ब्रेकर आठवा. उंची तेवढीच किंवा जास्त, रुंदी मात्र हातभर. अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्याकडे जा किंवा बदलापूरहून काटईमार्गे नवी मुंबई गाठा. काँक्रीटचे सांधे, अर्धवट बुजवलेलं खोदकाम, खड्ड्यात टाकलेले पेव्हर ब्लॉक, आणि पावसात तर खड्डा दिसतच नाही.

गाडी मुळात जमिनीपासून १६.५ सेंटिमीटर उंच आहे असं धरा. साडेचार कमी केले, उरले १२. चार माणसं बसली की आणखी दोन-तीन गेले. म्हणजे नियमातला १० सेंटिमीटरचा ब्रेकरसुद्धा तुमच्या चेंबरला घासणार.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंदी आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हा बदल विचारणार.

सर्वांत जास्त धोका कोणाला?

मागच्या सीटवरच्या माणसाला. तो जवळजवळ मागच्या चाकांवरच बसतो आणि पुढचा ब्रेकर त्याला दिसत नाही. पाळी गेल्यानंतर अनेक स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांचीही होतात. अशा हाडाला पडण्याचीही गरज नसते, बसल्याजागी एक जोराचा धक्का पुरतो. बसच्या मागच्या सीटवर ब्रेकरमुळे मणका दबल्याचे रुग्ण डॉक्टरांना नवीन नाहीत. गरोदर स्त्री आणि कंबरेचं ऑपरेशन झालेला माणूस यांनाही असे धक्के नकोत.

मग करायचं काय?

१. गाडी ढिली वाटते? आधी जुने शॉकअप, बुश आणि टायरची हवा तपासा. बऱ्याचदा दोष तिथेच निघतो. कंपनीच्या मूळ मापाचे नवे शॉकअप बसवा.

२. ट्रॅकची हौस असेल तर ती ट्रॅकवरच्या वेगळ्या गाडीत भागवा.

३. स्प्रिंग कापून घेणं तर कधीच नको. तिथे ना माप, ना चाचणी.

४. कॉइलओव्हर आधीच बसवले असतील तर आरटीओचे नियम विचारा, गाडी मूळ उंचीवर आणा आणि मूळ स्प्रिंग परत बसवून घ्या.

५. सीट फार मागे झुकवू नका, कमरेला आधार द्या, तासाभराने उतरून चार पावलं चाला.

हे दिसलं तर थांबू नका

कळ पायात उतरणं, पाऊल लुळं पडणं, किंवा धक्क्यानंतर पाठीत अचानक तीव्र वेदना झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवी अडकली, शौचावरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर थेट हॉस्पिटल गाठा. तिथे काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडतो.

त्या आईंना पट्टा, औषधं आणि ठिसूळ हाडांचे उपचार चालू केले. नीट बसता यायला तीन महिने लागले. मुलाने कॉइलओव्हर काढून जुने शॉकअप परत बसवले आणि त्याची कंबरही बरीच सुधारली. पण आईंचा दबलेला मणका पूर्वीच्या उंचीवर येणार नाही. गाडीची उंची रिंग फिरवून परत आणता येते, मणक्याला तशी रिंग नसते.

म्हणून गॅरेजमध्ये "किती खाली करू?" असं विचारलं की एक क्षण थांबा आणि उद्या मागच्या सीटवर कोण बसणार आहे ते आठवा.