फोटोआधी पायाखाली पाहा

रविवारची संध्याकाळ. रंकाळ्यावर गर्दी आहे. सूर्य मावळतीला आलाय, पाण्यावर तांबूस रंग उतरलाय. मोबाईल धरलेला नातू म्हणतो, "आज्जी, जरा मागं सर की, शालिनी पॅलेस येईना झालाय." आजी हसत एक पाऊल मागे घेते, मग आणखी एक. मागे पायरी आहे की पाणी, हे ना आजीने पाहिलेले असते, ना नातवाने. बहुतेक वेळा काही होत नाही. म्हणूनच ही सवय वाढत जाते.

फोटोसाठी लोक जमणारच, हे गृहीत धरून जागा आखण्याचे शास्त्र मनोरंजन उद्यानांनी फार पूर्वी विकसित केले. अमेरिकेत 1955 मध्ये सुरू झालेल्या डिस्नेलँडमधला प्रसिद्ध किल्ला प्रत्यक्षात फक्त 77 फूट उंच आहे. खालचे दगड मोठे आणि वर जाताना लहान होत जाणारे असल्याने तो फोटोत कितीतरी उंच वाटतो. कुंपणे, नोकरांचे दरवाजे, विजेच्या पेट्या अशा नको त्या गोष्टींना तिथे राखाडी छटेचा एक हिरवा रंग देतात. 'गो अवे ग्रीन' हे त्याचे टोपणनाव. समोर असूनही त्या वस्तूंवर नजर ठरत नाही. आणि फोटो कुठून चांगला येईल, हे सांगणाऱ्या 'कोडॅक पिक्चर स्पॉट'च्या पाट्या तिथे अनेक वर्षे होत्या.

या सगळ्यात खरी शिकण्यासारखी गोष्ट ही शेवटची आहे. माणूस कुठे उभा राहणार, हे तिथे आखणारा ठरवतो.

आपल्याकडे गोराईचे एस्सेल वर्ल्ड 1989 पासून आणि खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 पासून लोकांना माहीत झाले. कोल्हापूरकर पाहुण्यांना कणेरीच्या सिद्धगिरी संग्रहालयात नेतात आणि ग्रामजीवनाच्या पुतळ्यांशेजारी उभे करून फोटो काढतात. आता तर गावोगावी रंगीत अक्षरांचे 'सेल्फी पॉइंट' झाले आहेत. त्यातल्या अनेक ठिकाणी रंग भडक असतात, दिवे झगमगीत असतात. पण फोटो काढणाऱ्याने कुठे उभे राहायचे, याचा विचार झालेला दिसत नाही. अक्षरे रस्त्याकडे तोंड करून उभी असली, तर चौकट साधायला माणूस उलट्या पावली थेट वाहनांत जातो. आपण उद्यानांची रंगरंगोटी उचलली, आखणी मात्र तिथेच राहिली.

हा सौंदर्याचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे. डोळा कसा काम करतो, हे पाहिले की ते पटते.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर साधारण तेवढ्याच भागातले आपल्याला अगदी स्पष्ट दिसते. बाकीचे दृश्य अंधूक असते. डोळे सतत फिरत राहतात म्हणून ते आपल्याला जाणवत नाही. नजर मोबाईलच्या पडद्यावर खिळली की हे फिरणे थांबते. शिवाय मोबाईलची भिंग रुंद कोनाची असतात. त्यात मागची वस्तू लहान, म्हणजेच लांब वाटते. दरीची कड पडद्यावर दिसते, त्याहून प्रत्यक्षात जवळ असते.

त्यात संध्याकाळची भर पडते. भर उजेडात डोळ्यातल्या शंकूपेशी रंग ओळखतात. उजेड कमी झाला की दंडपेशी काम हाती घेतात, आणि त्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. दिवसा ठसठशीत दिसणारा लाल कठडा तिन्हीसांजेला काळपट होतो, तर शेजारची हिरवी पाने त्यामानाने उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी दोनशे वर्षांपूर्वी हा बदल नोंदवला होता. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तोवर झगझगीत पडद्याकडे पाहणारा माणूस नजर खाली वळवतो, तेव्हा पुढची पायरी त्याला दिसेलच असे नाही. आणि आपल्याकडे फोटोची सर्वांत आवडती वेळ हीच.

आजीचा धोका आणखी वेगळा. मोतीबिंदूमुळे कड आणि सपाट जागा यांतला फरक पुसट होतो. दुहेरी नंबरच्या चष्म्यातून खाली पाहिले की वाचनाच्या भागातून पायरी धूसर दिसते. या वयात खुब्याचे हाड मोडले, तर ते कुटुंबाला महिनोन्‌महिने पुरते.

पावसाळ्यात राऊतवाडीसारख्या धबधब्यांवर तर निसर्गच आपला 'गो अवे ग्रीन' वापरतो. ओल्या कातळावरचे शेवाळ आजूबाजूच्या हिरवाईत मिसळून जाते. नेमकी घसरायची जागाच नजरेआड होते.

जगभरातील बातम्यांवरून भारतीय डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळात सेल्फी काढताना 259 जणांचा मृत्यू झाल्याचे त्यात आढळले. सर्वाधिक मृत्यू भारतातले होते आणि बुडणे हे पहिले कारण होते. मरणारे बहुतेक तिशीच्या आतले. बातमी न झालेले यात नाहीत. जखमी तर नाहीतच. सरकारी रुग्णालयात केसपेपरवर बहुधा 'घसरून पडणे' एवढेच लिहिले जाते. हातात मोबाईल होता का, याला रकाना नसतो. जे मोजले जात नाही, त्यावर पैसाही खर्च होत नाही.

अशा घटनेनंतर 'पोरांना अक्कल नाही' हे ठरलेले वाक्य येते. मुंबईत 2016 च्या जानेवारीत वांद्र्याच्या किनाऱ्यावर सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात ओढली गेली आणि तिला वाचवायला उडी मारणारा माणूसही बुडाला. नंतर पोलिसांनी धोक्याच्या जागी सेल्फीला मनाई केली. ती योग्यच होती. पण मनाईची पाटी लावून जबाबदारी संपत नाही. ज्या जागा आपणच सजवतो, तिथे लोकांच्या अकलेवर भिस्त ठेवणे हा हलगर्जीपणा आहे. नजर आपल्याकडे ओढणाऱ्याने पावलांचीही काळजी घेतली पाहिजे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. सेल्फी पॉइंट उभारताना फोटो काढणाऱ्याची जागा आधी ठरवावी, तिथे जमिनीवर पावले रंगवावीत आणि त्यामागे सपाट, मोकळी जागा ठेवावी. अशी जागा नसेल, तर तिथे पॉइंट उभारूच नये. घाटाच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा किंवा पांढरा पट्टा असावा. राखाडी दगडावर तो कमी उजेडातही उठून दिसतो. धोक्यासाठी एकट्या लाल रंगावर विसंबू नये, कारण तो संध्याकाळी मावळतो आणि काही पुरुषांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. कठडा झाडीत मिसळणारा नको. बुडणाऱ्याकडे फेकायची कडी आणि दोर लपवून नव्हे, मिरवून ठेवावेत.

घरच्यांसाठी नियम तीनच. आधी थांबा, मागे वळून पाहा, मगच मोबाईल वर करा. चौकटीत बसत नसेल तर समोरच्याला मागे सरकवू नका. त्याला सुरक्षित जागी उभे करून आपण जागा बदला, तीही पाहून. आणि कोणी पाण्यात पडलेच, तर प्रशिक्षण नसताना उडी मारू नका. काठी, दोर, ओढणी, जे हाताशी असेल ते काठावरून द्या, आरडाओरडा करून माणसे जमवा आणि 108 ला फोन करा.

रंकाळ्याचा सूर्यास्त उद्याही होणार आहे. शालिनी पॅलेस चौकटीत थोडा कापला गेला, तरी चालेल. आजी मात्र घरी आपल्या पायांनी चालत आली पाहिजे.