कापायचं किती?

खालूजानना काळं शौच होत होतं, हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही. आम्हाला दिसायचा तो फक्त थकवा. अशक्तपणा समजून आम्ही खजूर, डाळिंब, बीट खाऊ घालत राहिलो. हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा दुर्बीण आणि सीटी स्कॅन झाले. लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात गाठ निघाली.

अरबीत या भागाला ‘इस्ना अशर’, म्हणजे बारा, म्हणतात. त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी, म्हणून हे नाव. पुढच्या लांबलचक आतड्यात गाठ असली तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडता येतात. इथे मात्र स्वादुपिंड चिकटलेलं असतं आणि पित्ताची नळीही इथेच उघडते. त्यामुळे पुष्कळदा स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, पित्तनळी आणि जठराचा काही भागही काढावा लागतो. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये पुढे आणलेली ही शस्त्रक्रिया आजही मोठीच मानली जाते.

घरात बैठक बसली. खालाजानचं एकच म्हणणं, “काढायचं ते सगळं काढा, मागे काही ठेवू नका.” खरं सांगायचं तर आम्हीही मान डोलावली. जास्त कापलं म्हणजे जास्त सुरक्षित, असंच वाटत होतं.

सर्जन म्हणाले, आधी बायोप्सीचा रिपोर्ट येऊ द्या. रिपोर्टात ‘जिस्ट’ आलं. ही गाठ आतड्याच्या भिंतीतून वाढते आणि लसिकाग्रंथींमध्ये क्वचितच पसरते. म्हणून गाठ न फुटता, कडा स्वच्छ ठेवून पूर्ण निघाली तर शेजारचे अवयव वाचवता येतात. नेहमीचा, आतल्या अस्तरातून उठणारा कॅन्सर असता तर लसिकाग्रंथीही काढाव्या लागल्या असत्या. तिथे कमी कापणं महागात पडतं.

जागाही सोयीची निघाली: पित्तनळीच्या तोंडापासून दूर, खालच्या आडव्या भागात. आधी काही महिने इमॅटिनिबची गोळी दिली. ब्लड कॅन्सरसाठी २००१ मध्ये मंजूर झालेली ही गोळी जिस्टवरही चालते. गाठ आक्रसल्यावर आतड्याचा तेवढाच तुकडा काढला. स्वादुपिंड, जठर, पित्ताशय सगळं जागेवर राहिलं.

गोळी अजून चालू आहे. खालूजान दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं जेवतात आणि बिर्याणीला नको म्हणत नाहीत. ठरलेल्या तारखेला स्कॅन असतो. आदल्या रात्री खालाजानना झोप लागत नाही.