'पित्ता'आड दडलेला खडा

"डॉक्टर, पित्त झालंय" ही तक्रार दौंड तालुक्यातल्या भांडगाव-यवत पट्ट्यातला शेतकरी करतो, तशीच पुण्यातला नोकरदारही. मराठीत या एकाच शब्दात छातीतली जळजळ, अंगावर उठणाऱ्या गांधी आणि दुखणारे डोके असे सगळेच येते. त्या गर्दीत पित्ताशयातला खडा लपून राहतो. मेडिकलमधून आणलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने निघतात आणि रुग्ण आमच्याकडे येतो तो डोळे पिवळे झाल्यावरच.

खड्याचे दुखणे ओळखता येते. पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते, बहुधा भरपेट जेवणानंतर किंवा रात्री. ती अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते. उपाशीपोटी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे सहसा दिसतातच. (चाळिशीपुढच्या माणसाला अशी कळ घामासह आली, तर आधी ईसीजी. हृदयविकारही 'पित्ता'च्या नावाखाली खपतो.)

याची उलटी बाजूही तितकीच त्रासाची आहे. शिबिरात किंवा मुतखड्यासाठी सोनोग्राफी होते, पित्ताशयात खडा दिसतो आणि घरचे घाबरतात. खडा आहे पण कधीच दुखले नाही, अशा शंभर जणांपैकी वर्षाला जेमतेम दोन-तीन जणांना त्रास सुरू होतो. बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. मात्र एकदा कळ येऊन गेली की ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय. खडे विरघळवणारी गोळी फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालते, महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि बंद केल्यावर अनेकांना खडे पुन्हा होतात. मुतखड्यासारखा हा खडा भरपूर पाणी पिऊन पडून जात नाही. तो सरकलाच, तर पित्तनलिकेत अडकतो. ताप, थंडी आणि कावीळ एकत्र दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात केली. आज ती जिल्ह्याजिल्ह्यांत होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली असून, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यामुळे पैशांसाठी ऑपरेशन लांबवण्याआधी आरोग्यमित्राला गाठून, आपले ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते ते विचारावे. माझी काळजी वेगळी आहे. पैशांची अडचण कमी झाली की न दुखणारे खडेही टेबलावर जाऊ शकतात. म्हणून ऑपरेशनआधी "मला नेमके कशामुळे दुखते आहे?" हे डॉक्टरांना जरूर विचारा.

लहान मुलांत हिशेब बदलतो. मुलाला खडा निघाला, तर कारण शोधायलाच हवे. सिकलसेल किंवा थॅलेसेमियात रक्तपेशी लवकर फुटतात आणि त्यातून खडे बनतात. अशा वेळी रक्ताची तपासणी आधी. टायफॉइड, न्यूमोनियासाठी दिल्या जाणाऱ्या सेफ्ट्रियाक्सोन इंजेक्शनानेही पित्ताशयात खड्यासारखा साका दिसतो. इंजेक्शन थांबल्यावर तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे मुलाची सोनोग्राफी दाखवायला नेताना, गेल्या महिन्याभरात दिलेल्या इंजेक्शनांची चिठ्ठीही सोबत ठेवा.