झाडावरची मावशी

मांजराला वाघाची मावशी म्हणण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. मावशीने भाच्याला सगळ्या विद्या शिकवल्या, पण झाडावर चढण्याची तेवढी राखून ठेवली, आणि म्हणूनच ती एके दिवशी भाच्याच्या जबड्यातून वाचली, ही गोष्ट आजीच्या मांडीवर बसून ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत या मावशीचे एक थोराड भावंड राहते. झाडावर चढण्याची ती जुनी विद्या त्यालाही येते. मात्र तिथे त्याच विद्येने त्याचा जीव जातो.

या प्राण्याला इंग्रजीत चाळिसाच्या वर नावे आहेत म्हणतात. प्यूमा, कूगर, पँथर, कॅटमाउंट आणि माउंटन लायन. शेवटच्या नावाचा अर्थ डोंगरातला सिंह. पण या सिंहाला आयाळ नाही आणि डरकाळीही फोडता येत नाही. तो आपल्या घरच्या मनीसारखा घुरघुरतो. नराचे वजन साठ-सत्तर किलो भरते, कॅनडाच्या यूकॉनपासून थेट चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत त्याचा वावर आहे, आणि प्राणिशास्त्रज्ञांच्या मते चित्ता हा त्याचा जवळचा भाऊबंद. हे वाचले तेव्हा मला कोल्हापूर आठवले. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार करवीत, आणि ते चित्ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. एका भावाला आपल्याकडे शिकारी बनवले, तर दुसऱ्याच्या मागे तिकडे शिकारी कुत्री लावली. भाऊबंदांची नशिबे अशी वेगळी असतात.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त आयडाहो राज्यात बॉयसी या गावी राहतो. नाताळच्या सुमारास रजा काढून आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या अंगणात तीन कुत्री. दोन वॉकर जातीची, पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेली. तिसरा प्लॉट जातीचा, अंगावर वाघासारखे पट्टे. या प्लॉटचे पूर्वज १७५० च्या सुमारास जर्मनीतून नॉर्थ कॅरोलायनात आले, अशी माहिती म्हाताऱ्याने मला अशा थाटात दिली की एखाद्या इनामदाराने आपली वंशावळ सांगावी. मी कॉलेजात भाषा शिकवतो हे कळल्यावर ते म्हणाले, "मग प्रोफेसर, तुम्ही माझ्या कुत्र्यांची भाषा ऐकायला चला."

आमच्या सौभाग्यवतीने, "हे वय काय, थंडी काय," असा रास्त आक्षेप घेतला. पण दोन दिवसांनी रात्री ताजे बर्फ पडले आणि पहाटे साडेतीनला म्हाताऱ्याने दार ठोठावले. बर्फ म्हणजे या लोकांची कोरी पाटी. रात्रीतून कोण कुठून कुठे गेले ते तिच्यावर उमटते. आयडाहो सिटीच्या बाजूच्या डोंगरात आम्ही कच्च्या रस्त्याने बैलगाडीच्या वेगाने ट्रक हाकीत होतो, आणि म्हातारा खिडकीतून डोके बाहेर काढून रस्त्याच्या कडा वाचीत होता.

उजाडता उजाडता त्याने ट्रक थांबवला. बर्फात वाटोळे ठसे होते, आपल्या मुठीएवढे. "कुत्र्याच्या पावलात नखे उमटतात," तो म्हणाला, "मांजर नखे म्यानात ठेवून चालते. आणि टाचेच्या गादीला मागे तीन फुगवटे बघा." ठशाचा आकार आणि दोन पावलांतले अंतर मोजून त्याने अंदाज बांधला, मादी असावी. मग कुत्री सोडली.

भाषा ऐकायला म्हणून गेलो होतो, ती मात्र खरोखरच ऐकली. माग काढताना कुत्र्याचा आवाज लांब, ओढलेला, एखाद्याने दूरवरून हाळी द्यावी तसा. माग ताजा होत गेला की हाळ्या जवळ जवळ येतात. आणि जनावर झाडावर चढले की आवाज एकदम बदलतो. तुटक, जलद, एका जागी ठोकल्यासारखा. म्हाताऱ्याजवळ कुत्र्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यांवरून त्यांचा ठावठिकाणा दाखवणारे यंत्र होते, पण त्याकडे न बघता तो म्हणाला, "चढली."

साठ किलोचे जनावर वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्यांना का भिते, हे मी चढाव चढताना धापा टाकीत विचारले. त्याने सांगितले ते पुढे पुस्तकांतही सापडले. प्यूमा झडप घालणारा, लांब पल्ल्याचा धावणारा नव्हे. थोड्याच वेळात त्याचा दम संपतो. शिवाय तो एकांडा आहे. लांडग्यांच्या टोळीशी त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. टोळीतला एक लांडगा जखमी झाला तर बाकीचे शिकार करतात. एकांड्याचा पाय दुखावला तर उपास. म्हणून भुंकणारी टोळी मागे लागली की झाड गाठायचे, हा शहाणपणा त्याच्या रक्तात आहे. लांडग्यांपुढे तो कामी येई. लांडग्याजवळ बंदूक नसते.

एका मोठ्या पाईन वृक्षावर, दोन मजले उंचीच्या फांदीवर, ती बसली होती. मातकट पिवळा रंग, लांब शेपूट, टोकाशी काळी. कुत्र्यांकडे तिचे लक्ष होते. पण माणसे आल्यावर तिने आमच्याकडे जे पाहिले, त्या पाहण्याला मला आजवर विशेषण सापडलेले नाही. घरच्या मांजरीला आपण कपाटावरून खाली बोलावतो तेव्हा ती तशीच पाहते, एवढेच सांगता येईल. म्हाताऱ्याने दुर्बीण लावली. झाडाला दोन फेऱ्या घातल्या. त्याच्या खिशात परवाना होता, ट्रकमध्ये बंदूक होती. अखेर तो म्हणाला, "पोटाखालचे केस विस्कटलेले आहेत. दूध पाजते आहे. पिले कुठेतरी ठेवून आली असणार." त्याने कुत्र्यांना साखळ्या घातल्या आणि आम्ही मागे फिरलो.

भावाने वाटेत विचारले, "आणि नर असता तर?"

"चांगला मोठा असता, तर कदाचित मारला असता," म्हातारा म्हणाला. या बाबतीत त्याने आम्हाला गोड वाटेल असे काही सांगितले नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

घरी परतल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचीत सुटलो. थिओडोर रूझवेल्ट १९०१ च्या जानेवारीत, उपाध्यक्षपदाची सूत्रे हाती घेण्यापूर्वी, कोलोरॅडोत मीकर गावाजवळ शिकारी कुत्री घेऊन गेले होते. पाच आठवड्यांत त्यांच्या तुकडीने चौदा प्यूमा मारले; पैकी बारा एकट्या रूझवेल्टनी. १९०६ मध्ये अध्यक्ष या नात्याने त्यांनीच ॲरिझोनातल्या कायबाब पठारावर हरणांसाठी राखीव वन जाहीर केले. हरणे वाचावीत म्हणून तेथले प्यूमा सरकारी शिकाऱ्यांनी शेकड्यांनी मारले. हरणे वाढत गेली, पठार खाऊन फस्त झाले आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत ती हजारोंनी उपासमारीने मेली. याची कारणे एकटी नव्हती, असे पुढच्या शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. पण हरणांचा शत्रू मारला म्हणजे हरणांचे कल्याण झाले, हा हिशेब मात्र तिथे कायमचा चुकला.

याच आयडाहोत १९६४ मध्ये मॉरिस हॉर्नॉकर नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने प्यूमाचा अभ्यास आरंभला. हे जनावर कुणाच्या दृष्टीस पडत नाही. मग अभ्यास करायचा कसा? त्याने पुस्तके मिटली आणि विल्बर वाइल्स या डोंगरात राहणाऱ्या शिकाऱ्याला गाठले. वाइल्सच्या कुत्र्यांनी प्यूमा झाडावर चढवायचा, गुंगीची सुई मारायची, दोराने खाली उतरवायचा, खूण करून सोडायचा. हिवाळ्यामागून हिवाळे हा उद्योग चालला. त्यातून कळले की प्रत्येक प्यूमाचा आपला प्रदेश ठरलेला असतो, एकमेकांना टाळून ते राहतात, आणि हरणे व एल्क त्यांच्यामुळे नामशेष होत नाहीत. ज्या कुत्र्यांनी रूझवेल्टना कातडी मिळवून दिली, त्याच जातीच्या कुत्र्यांनी शास्त्राला हे ज्ञान दिले.

पुढे हा प्रश्न मतपेट्यांत गेला. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये मतदान करून प्यूमाची शिकारच बंद केली. ऑरेगनने १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टनने १९९६ मध्ये कुत्र्यांच्या मदतीने होणारी शिकार बंद केली. कोलोरॅडोत २०२४ मध्ये असाच प्रस्ताव आला, तो मतदारांनी फेटाळला. बंदी मागणाऱ्यांचे म्हणणे साधे आहे: फांदीवर अडकलेल्या, पळायला जागा नसलेल्या जनावराला खालून गोळी घालणे याला खेळ म्हणू नये. मला ते पटते. तो पाईन वृक्ष पाहिल्यावर तर अधिकच पटते. पण शिकाऱ्यांचे उत्तरही ऐकावे असे आहे. कुत्र्यांमुळे जनावर नीट बघता येते. नर की मादी, तरुण की म्हातारे, हे ठरवायला सवड मिळते. कुत्र्यांशिवाय हिंडणारा शिकारी समोर दिसेल त्यावर गोळी झाडतो. ऑरेगनमध्ये बंदीनंतर परवाने स्वस्त आणि मुबलक झाले, आणि काही वर्षांत मारल्या जाणाऱ्या प्यूमांचा आकडा पूर्वीच्याही पुढे गेला. मते देणाऱ्यांना हे अभिप्रेत नव्हते.

आता मला एवढे वाटते, की त्या म्हाताऱ्याने बंदूक उचलण्यापूर्वी झाडाला ज्या दोन फेऱ्या घातल्या, त्या सगळ्या वादात महत्त्वाच्या आहेत. वर कोण बसले आहे हे त्याने आधी पाहिले. शहरातल्या प्रेमाला आणि गावातल्या भीतीला हे पाहण्याची सवड क्वचितच असते.

हे मी परक्या देशाविषयी बोलत नाही. आमचे मूळ गाव जुन्नर तालुक्यात. तिथे उसाच्या फडात बिबट्या राहतो, व्यातो, पिले वाढवतो. गावकरी त्याला वाघच म्हणतात. १९७२ च्या कायद्याने त्याची शिकार बंद झाली, हे चांगलेच झाले. पण २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तेथे माणसांवर हल्ले वाढले, तेव्हा शंभराच्या वर बिबटे पिंजऱ्यात धरण्यात आले आणि त्यांतले अनेक दुसरीकडे नेऊन सोडण्यात आले. कोणता बिबट्या, त्याने काही केले होते की नाही, हे पाहण्याची कुणाला सवड नव्हती. पुढे अभ्यासकांना आढळले, की जिथे हे उपटून आणलेले बिबटे सोडले, तिथे आजूबाजूला हल्ले वाढले. वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासाचा सूरही असाच आहे: जुने, जाणते नर काढले की त्या जागी पोरसवदा नर येतात आणि तक्रारी वाढतात.

गावी माझा चुलतभाऊ शेती करतो. अमेरिकेहून आल्यावर त्याला भेटायला गेलो आणि कुत्री, बर्फ, पाईन वृक्ष, सारे सविस्तर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"दादा, तिकडं कुत्री वाघाला झाडावर घालवतात," तो म्हणाला, "हितं वाघ आमची कुत्री न्हेतो. तीन वर्सांत चार गेली. आता सोडायचं म्हटलं तर सोडू कुणाला?"

आम्ही दोघेही हसलो. त्याचे म्हणणे अभ्यासाला धरूनच होते. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचाच निघाला.

मग अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या उसाकडे बोट करून तो म्हणाला, "ह्यात एक मादी हाय. ऊस तुटला की वढ्याच्या अंगाला जाती, पाऊस पडला की माघारी येती. मागल्या खेपंला दोन पिलं हुती, औंदा तीन हायेत. डाव्या कानाला खांड हाय तिच्या. आजपातुर माणसाच्या वाटंला गेली न्हाई."

"हे तू वनखात्याच्या लोकांना सांगितलंस का?" मी विचारले.

"ते पिंजरा घिऊन येतात, दादा," तो म्हणाला. "इचारायला कोन येतं?"