नियमांचा सोपा धर्म

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र मागावयास गेलेल्या ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तोच हा रेडा, आणि परतीच्या वाटेवर त्याने येथे देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. ही कथा इतिहास म्हणून घ्यावी की रूपक म्हणून, हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. ज्या शास्त्र्यांपाशी शुद्धिपत्र देण्याचा अधिकार होता त्यांची नावे लोकांच्या ध्यानात राहिली नाहीत, रेड्याची समाधी मात्र लोकांनी जपली, एवढेच येथे नोंदवावेसे वाटते. नियम मोठा की प्रेम, याचा निवाडा मराठी मनाने फार पूर्वीच दिलेला आहे.

याच जुन्नरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र उभे राहिले. ख्रिस्ताचे नाव या मुलखाला नवे नाही. मग आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना तो निवाडा पुन्हा पुन्हा का विसरावा लागतो? आमच्या व्यासपीठांवरून ख्रिस्ती जीवनाविषयी जे सांगितले जाते ते बहुधा एका यादीच्या स्वरूपात असते. कुंकू लावू नये, शेजाऱ्याच्या घरचा प्रसाद घेऊ नये, नाटक-सिनेमा टाळावा, उपासना चुकवू नये, दशमांश थकवू नये. यादी पुरी झाली की मनुष्य ख्रिस्ती ठरला. कोणी प्रीतीचे नाव काढलेच, तर पाळकांपासून पंचांपर्यंत सर्वांच्या कपाळी आठी पडते. प्रीती म्हणजे ढिलाई, सवलत, पळवाट, असा समज पक्का झालेला आहे.

आमचे म्हणणे नेमके उलट आहे. नियमांचा धर्म कठीण नव्हे, तो सोपा आहे. कठीण आहे तो प्रीतीचा.

याचे कारण साधे आहे. नियमाला शेवट असतो. दशमांश दिला की उरलेल्या नऊ हिश्श्यांविषयी कोणी विचारीत नाही. क्षमा किती वेळा करावी, सात वेळा पुरे काय, असे पेत्राने विचारले ते याच हिशेबी वृत्तीने. आणि ख्रिस्ताने दिलेल्या उत्तराने तो हिशेबच मोडून टाकला. यरीहोच्या वाटेवर जखमी मनुष्याला ओलांडून गेलेल्या याजकाने आणि लेव्याने कोणता नियम मोडला होता? त्यांच्या वहीत त्या दिवशी एकही दोष लिहिला गेला नसेल. वाट सोडून थांबला तो शोमरोनी, आणि त्याला थांबावयास सांगणारे कलम कोणत्याही यादीत नव्हते. नियम आपल्याला कोठे थांबावयाचे ते सांगतो. प्रीती थांबू देत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच त्यांची आज्ञाधारकपणाची परीक्षा सुरू झाली. त्या अंडे खात नाहीत यात तेथील भगिनींना जातीचा अभिमान दिसला; क्रुसावरील अक्षरे लॅटिनच का असावीत, हा त्यांचा प्रश्न उद्धटपणाचा ठरला. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरविलेल्या बाईने दुसऱ्याचे जू मानेवर घेण्याचे नाकारले. यादीच्या मोजमापाने पाहिले तर रमाबाई अर्ध्या-मुर्ध्याच ख्रिस्ती ठरतात. पण १८९६-९७च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना शेकड्यांनी पुणे जिल्ह्यात घेऊन आली. त्यांच्यासाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. कोणत्या चर्चच्या कोणत्या नियमाने त्यांना तेथे धाडले होते? त्या घरी बसून राहिल्या असत्या तर त्यांना दोष देणारा एकही नियम नव्हता.

दुसरे उदाहरण नारायण वामन टिळकांचे, आणि ते आम्हांस पुन्हा जुन्नराकडेच आणते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक सांगत. त्या पुलाचे एक टोक जुन्नर तालुक्यातील ओतूरला आहे, कारण तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तेथे आहे. परंपरा सांगते की बाबाजींनी तुकोबांना अनुग्रह दिला तो स्वप्नात. ना होम, ना दक्षिणा, ना कोणाची संमती. ज्या वाटेचा आरंभच असा, तिच्यावरून आलेल्या टिळकांना कुंपणे मानवणे शक्य नव्हते. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई पुढे काही वर्षे हिंदूच राहिल्या. जातिभेद माणसाने केलेला आहे हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले आणि त्यांचे सोवळे सुटले, ते बाप्तिस्म्याच्या आधी. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे ठाऊक आहे. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. १९१९ साली ते गेले. त्यांची पदे आम्ही आजही गातो. तो दरबार मात्र सोयीस्करपणे विसरलो. पदांनी आमच्या याद्यांना धक्का लागत नाही. दरबाराने लागला असता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नियम नसतील तर प्रीतीच्या नावाखाली जो तो आपली लहर चालवील, असे विचारी माणसेही म्हणतात. त्यांत तथ्य आहे. शेकडो मुलींचे घर रमाबाईंनाही नियमांवाचून चालविता आले नसते. वारकरीही माळ घालतो आणि एकादशी पाळतो. पण तो एकादशी करतो ती विठ्ठल आवडतो म्हणून. एकादशी केली म्हणून विठ्ठलावर आपला हक्क झाला, असे तो म्हणत नाही. सगळा भेद या क्रमात आहे. उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाचा क्रम चुकला होता. त्याने बापाची एकही आज्ञा मोडली नव्हती; आणि घरात आनंद चाललेला असता तोच एकटा बाहेर उभा राहिला.

जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांत हिंडणाऱ्याला हे अधिक सांगावे लागू नये. वेलीला मांडव लागतो. मांडव नसेल तर वेल मातीत लोळेल आणि घड कुजतील. एप्रिलची खरड छाटणी लागते, ऑक्टोबरची छाटणीही लागते. परंतु मांडव कितीही भक्कम उभारला तरी खांबाला आणि तारेला द्राक्षे लागत नाहीत. ख्रिस्ताने स्वतःला वेल म्हटले, शिष्यांना फाटे म्हटले. मांडवाचा त्याने उल्लेखही केला नाही.

आमच्या मंडळ्यांतून आज मांडवाची डागडुजी मोठ्या निष्ठेने चालते. तारा ताणल्या जातात, खांब मोजले जातात, कोणाचा खांब वाकडा यावर सभा भरतात. आमची विनंती एवढीच आहे की अधूनमधून मान वर करून पाहावे. वर वेल आहे ना?