गळा सोड गं!

गुरुवारची रात्र. दोन लेख पाठवून झालेले, तिसऱ्याची डेडलाइन सकाळी. मध्ये अर्धा तास मिळाला, म्हटलं जरा रिलॅक्स होऊ या आणि क्लासिकल गिटार मांडीवर घेतली. वीस मिनिटांनी समोरच्या आरशात लक्ष गेलं. जबडा घट्ट, खांदे कानांना भिडलेले आणि डावा हात कोपरापर्यंत ठणकतोय. याला रिलॅक्स होणं म्हणतात?

वाजवत होते ती 'लाग्रिमा'. स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा (1852-1909) यांची छोटीशी रचना. लाग्रिमा म्हणजे अश्रू. माझ्या डोळ्यांत ते खरेच यायचे, पण संगीतामुळे नाही, दुखण्यामुळे!

शनिवारी माहीमला सरांकडे तक्रार केली, "सर, माझ्या बोटांत ताकदच नाही."

सर हसले. "ताकद भरपूर आहे गं. तू तार दाबत नाहीस, तिचा गळा दाबतेस."

मग त्यांनी एक प्रयोग करायला लावला. डाव्या हाताचं बोट तारेवर नुसतं टेकवायचं. उजव्या हाताने तीच तार छेडत राहायची आणि डाव्या बोटाचा दाब अगदी थोडा थोडा वाढवत न्यायचा. आधी नुसतं 'टक', मग खरखर आणि मग एकदम स्वच्छ सूर. तिथेच थांबायचं. बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे असेल तर आणखी कमी जोर पुरतो. मी थक्क! गेले सहा महिने मी याच्या चांगला दुप्पट-तिप्पट जोर लावत होते.

दुसरा धडा उजव्या हाताचा. तार छेडली की बोट लगेच सैल सोडायचं. पुढच्या सुरापर्यंत जो क्षण मिळतो, तीच त्याची विश्रांती. मी समजत होते, आधी तासभर मरमर रियाज करायचा आणि मग हात झटकून आराम. सर म्हणतात, आराम प्रत्येक सुराच्या आतच असतो. म्हणून तर हळू वाजवायचं. वेगात वाजवताना सोडायला वेळच मिळत नाही.

खरं सांगते, मला भीती वाटली होती. डेव्हिड लाइस्नर या अमेरिकन गिटारवादकाबद्दल वाचलं होतं. 1980 च्या दशकात फोकल डिस्टोनियामुळे त्याची बोटं ऐकेनाशी झाली. बोटांवरचा भार हाताच्या आणि खांद्याच्या मोठ्या स्नायूंवर नेत तो पुन्हा वाजवू लागला, पण त्यात कित्येक वर्षं गेली. माझं दुखणं तसलं नाही. पण मी टाइप करून पोट भरते. याच दहा बोटांवर घरभाडं निघतं. छंदापायी ती गमावली तर?

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. डावा पाय फूटस्टूलवर, उजवा जमिनीवर सपाट. दर दहा मिनिटांनी गिटार बाजूला ठेवून उठायचं. अवघड जागा आली की मी श्वास रोखते, म्हणून तिथे मुद्दाम श्वास सोडायचा. आणि दुखलं की थांबायचं. 'थोडं सहन करू' हा बाणा चालणार नाही. दुखणं राहिलंच तर सरळ डॉक्टरकडे.

'लाग्रिमा' अजून अडखळतच वाजते. पण परवा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाजवली आणि हात दुखला नाही. शेवटचा सूर विरेपर्यंत मी तो नुसता ऐकत बसले. सहा महिन्यांत हे कधी जमलंच नव्हतं, कारण कान सगळे दुखण्याकडे!

आत्ता हा कॉलम टाइप करताना मध्येच लक्षात आलं, खांदे पुन्हा कानांशी आणि बोटं की-बोर्डवर घण घातल्यासारखी आपटतायत. तुमचे खांदे कुठे आहेत, बघा बरं जरा. नाही, बॉस येतोय म्हणून पुन्हा वर घेऊ नका!