जहाज संध्याकाळचं, मुक्काम आदल्या रात्रीचा

वाटखर्ची / वाटसरू

क्रूझच्या जाहिरातीत नगर जिल्ह्यातल्या माणसाने आधी शोधायचे शब्द तीनच: ‘मुंबई ते मुंबई’. बहुधा ते खाली, बारीक अक्षरांत असतात. वर निळा समुद्र असतो आणि दोन किंवा पाच रात्रींचा दर ठळक छापलेला असतो. तो दर जहाजात पाय ठेवल्यापासून जहाजातून पाय काढेपर्यंतचा. जामखेडहून किंवा अकोल्याहून मुंबई बंदरातलं बॅलार्ड पिअर गाठायचं कसं, आदल्या रात्री झोपायचं कुठे, परत यायचं कधी, याचा त्या दराशी काही संबंध नसतो. आपल्याकडच्या ज्या मंडळींच्या फसलेल्या क्रूझच्या कहाण्या माझ्या कानावर येतात, त्यांत लाटा, वादळ, उलट्या फारशा नसतात. त्यांत चाकणची कोंडी असते, माजिवड्याचा पूल असतो आणि रद्द झालेलं विमान असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जहाज सुटायच्या आदल्या रात्री बंदराच्या गावात मुक्काम हवाच. त्या मुक्कामाचे पैसे ज्याच्या हिशेबात बसत नाहीत, त्याने क्रूझ पुढच्या वर्षावर ढकलावी.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, 17,000 चौरस किलोमीटरांचा, आणि त्याच्या वाट्याला इंचभरही किनारा नाही. एके काळी नगरच्या सत्तेला समुद्र होता. चौल निजामशाहीकडे होतं आणि तिथे ठाण मांडून बसलेल्या पोर्तुगीजांना मुर्तजा निजामशाहाने 1570-71 मध्ये वेढा घातला होता. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसात तिथेच अडकून पडला. घाटमाथा आणि बंदर यांच्यामध्ये हाताशी वेळ ठेवावा लागतो, ही गोष्ट या वाटेवर तेव्हापासूनची आहे.

आजच्या वाटा पाहा. कोपरगाव-राहात्याच्या लोकांना समृद्धी महामार्ग मिळाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि कोकमठाणला चढलेली गाडी थेट भिवंडीच्या वेशीवर उतरू लागली. पण बंदर आमण्याला नाही. खरी परीक्षा त्यानंतरची: भिवंडी बायपास, ठाणे, मग अख्खी मुंबई ओलांडून दक्षिणेचं टोक. संगमनेर-अकोल्याचे लोक इगतपुरीकडून जातात. नगर-पारनेरकरांपुढे पुणे किंवा माळशेज, आणि पुण्याकडून जायचं तर शिरूरच्या पुढे रांजणगावपासून वाघोलीपर्यंत किती वेळ जाईल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यापुढे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याचा घाट आहेच.

आणि एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या एजंटांच्या लक्षात येत नाही. पश्चिम किनाऱ्यावरचा क्रूझचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. आपल्या साखर कारखान्यांचं गाळपही साधारण त्याच दिवसांतलं. म्हणजे ज्या पहाटे तुम्ही बॅगा गाडीत टाकून निघता, त्याच पहाटे उसाने लादलेल्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. नगर-मनमाड रस्त्याची एरवीची अवस्था सांगायची गरज नाही. ‘रात्री दोनला निघू, सकाळी आठला मुंबईत’ हा बेत घरोघरी ऐकू येतो. मला तो साफ नापसंत आहे. ड्रायव्हर झोपेत, आजी-आजोबा पाय आखडून बसलेले, मुलं घाटात ओकलेली, आणि दुपारी जहाजावर चढल्यावर सगळं कुटुंब पडद्यामागे डाराडूर. पहिल्या संध्याकाळी मुंबईचा किनारा मागे सरताना पाहणं हा या सहलीतला सगळ्यात सुंदर तास. त्याचे पैसे भरलेले असतात आणि तोच झोपेत जातो.

रेल्वेने जाऊ म्हणाल, तर शिर्डीहून वंदे भारत आहे. 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झालेली ही गाडी चांगली आहे, पण तिची वेळ साईभक्तांसाठी आखलेली आहे. सकाळी साडेसहाच्या आत ती मुंबई सोडते, दुपारच्या आधी शिर्डीत येते, संध्याकाळी परत निघते आणि रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. मुंबईकराचं एका दिवसात दर्शन होतं. आपल्याला उलट दिशेने ती अशी उपयोगी पडते: आदल्या संध्याकाळी शिर्डीहून बसा, रात्री सीएसएमटीला उतरा, जवळच झोपा. बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने अगदी जवळ. नगर जिल्ह्यातून क्रूझला जायचा इतका बिनघोर मार्ग दुसरा नाही. गाडी मंगळवारी नसते, तेवढं पाहून घ्या. येताना मात्र तिचा उपयोग शून्य. जहाज धक्क्याला लागून तुम्ही बाहेर पडेपर्यंत ती कसारा घाट चढून गेलेली असते.

हॉटेल कुठे घ्यायचं, यावर लोक फार चुकतात. ‘मुंबईत हॉटेल’ म्हटलं की एजंट अंधेरी देतो, कारण त्याचे तिथल्या हॉटेलांशी संबंध असतात आणि विमानाच्या गिऱ्हाइकांना ते सोयीचं पडतं. तुम्हाला विमान पकडायचं नाही. सकाळच्या गर्दीत अंधेरीहून फोर्टात यायचं म्हणजे आदल्या रात्री टाळलेला ताप सकाळी ओढवून घेणं. फोर्ट, सीएसएमटी, कुलाबा या पट्ट्यात साधी, स्वच्छ खोली मिळते. तीच घ्या. पुण्याकडून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी अटल सेतूवरून शिवडीला उतरावं, तिथून बंदराच्या कडेकडेने खाली येता येतं. टोल जास्त आहे, पण त्या दिवशी टोलाकडे पाहू नये. आणि गाडी तीन-चार दिवस ठेवायची कुठे, हे आधी ठरवा. दक्षिण मुंबईत तो प्रश्न हॉटेलपेक्षा अवघड आहे. मी तर म्हणेन, गाडी नकोच.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची करणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ 2021 च्या सप्टेंबरपासून धावते आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक पहिली क्रूझ तिच्यावरच करतात. बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही 2025 च्या सप्टेंबरात झालं. टर्मिनल झकास झालं, तरी त्याचा दरवाजा ठरल्या वेळेलाच बंद होतो. जहाज संध्याकाळी सुटणार म्हणजे आपण संध्याकाळी पोचायचं, ही समजूत एसटीच्या सवयीतून येते. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि ती वेळ तिकिटाच्या कागदांत लिहिलेली असते. त्यानंतर प्रवाशांची यादी पक्की होते, बंदराचा पायलट चढतो, पुढच्या बंदरात धक्क्याची वेळ ठरलेली असते. एका कुटुंबासाठी कप्तान थांबत नाही. पुढच्या बंदरात गाठू म्हणाल, तर लक्षद्वीपला परवान्याशिवाय जाता येत नाही आणि तिथे विमान उतरतं ते एकट्या अगत्तीला.

परदेशातही हेच. मार्च 2024 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या जहाजाचे आठ प्रवासी स्वतः ठरवलेल्या सहलीवरून उशिरा परतले. जहाज डोळ्यांसमोर नांगरलेलं होतं. तटरक्षकांच्या बोटीने त्यांना जहाजापर्यंत नेलं, तरी वर घेतलं नाही. अनेक देश पालथे घालत ते गांबियाला पोचले, तर भरती-ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलमध्ये त्यांची आणि जहाजाची गाठ पडली.

आगगाडी आणि आगबोट यांची वेळ जुळवण्याचं काम एके काळी कंपन्याच करत असत. याच बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनातून पंजाब लिमिटेड ही गाडी डाकबोटींच्या दिवशी सुटायची आणि सुमारे 47 तासांत पेशावर गाठायची. साहेब लोकांकडे साउथँप्टन ते मुंबई बोटीचं आणि पुढे नेमणुकीच्या गावापर्यंत रेल्वेचं असं एकत्र तिकीट असे. शंभर वर्षांनंतर आपल्याला बोटीचं तिकीट एकीकडे, रेल्वेचं दुसरीकडे आणि हॉटेलचं तिसरीकडे काढावं लागतं, आणि यातलं एक चुकलं की बाकीचे दोघे हात वर करतात. याला प्रगती म्हणायला माझी जीभ धजत नाही.

विमानाचं पाहू. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझना आपल्याकडचे डॉक्टर, प्राध्यापक, कांद्याचे व्यापारी असे सगळेच हल्ली जातात. रात्री मुंबईहून उडायचं, पहाटे सिंगापूर, संध्याकाळी जहाज, असा बेत कागदावर सुरेख दिसतो. सहल कंपनीच्या गटात असाल, तर निस्तरायला कंपनी असते. स्वतः बुकिंग करत असाल, तर एक दिवस आधी पोचा. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांचा मेळ बसला नाही आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तिकिटाचे पैसे विमान कंपनी परत करते. चुकलेल्या जहाजाचे कोणी करत नाही. दोन विमानं बदलून जायचं असेल, तर दोन्ही एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढली, तर पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचं काही देणंघेणं नसतं.

नगरकरांना एक फायदा आहे, तो वापरा. लोहगाव विमानतळ पुण्याच्या आपल्या बाजूला आहे, पुणे ओलांडावं लागत नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला, तोही खाडीच्या अलीकडे. तिकिटावर ‘मुंबई’ एवढंच वाचून सांताक्रूझला जाऊ नका. शिर्डीचा विमानतळ काकडीला आहे, 2017 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. तिथून चेन्नईला विमान असेल त्या मोसमात पावसाळ्याच्या सुमाराला चेन्नईहून निघणारी श्रीलंकेची क्रूझ कोपरगावकराला मुंबईपेक्षा सोपी पडते. हिवाळ्यात मात्र काकडीवर फार विसंबू नका. 2019 च्या नोव्हेंबरात कमी दृश्यमानतेमुळे तिथली विमानं कित्येक दिवस बंद होती. तिथून निघालात तर जहाजाच्या दोन दिवस आधी निघा.

युरोपच्या जाहिरातींत बंदरांची नावं फसवी असतात. ‘रोमहून क्रूझ’ म्हणजे चिवितावेक्क्याहून, आणि ते रोमपासून साधारण नगर-शिर्डीइतकं लांब. ‘लंडनहून’ म्हणजे साउथँप्टनहून, जवळपास नगर-पुणे. हॉटेल रोमला घ्यायचं की बंदराच्या गावात, हे वयावर ठरवा. तरुणांनी रोमला राहून सकाळची गाडी पकडावी, सत्तरीच्या आई-वडिलांना बंदराच्या गावातच उतरवावं. व्हिसाचंही तसंच. जहाज शेंगेन देशांबाहेरचं बंदर करून परत येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. सिंगापूरहून मलेशियाला जाऊन परत येतानाही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरायचं असतं. हे विमानाचं तिकीट काढण्याआधी पाहायचं.

परतीचं थोडक्यात सांगतो. जहाज सकाळी लागतं, पण सामान, रांगा, कस्टम यांत वेळ जातो. दुपारी दोनच्या आतलं विमान घेऊ नका. मुंबईहून नगरला यायचं असेल, तर दुपारी निघा आणि घरी येऊन झोपा. उतरल्यावर एक रात्र मुंबईत काढणं ही मला उधळपट्टी वाटते.

पैसे आणायचे कुठून, असं कोणी विचारेल. जहाजावरच्या खोलीतून. खिडकी असलेल्या खोलीसाठी लोक भरमसाट मोजतात आणि दोन दिवस डेकवर, जेवणाच्या हॉलमध्ये नि नाटकाला बसतात. दोन रात्रींच्या फेरीला आतली, बिनखिडकीची खोली पुरते. वाचलेल्या पैशांत फोर्टातली रात्र निघते. पुण्या-बंगळुरात नोकरी करणारी मुलं आई-बाबांना लग्नाच्या वाढदिवसाला बाल्कनीची खोली भेट देतात आणि नगरहून मुंबईपर्यंत त्यांना शिवशाहीच्या रांगेत उभं करतात. बाल्कनी काढा, आदल्या रात्रीचं हॉटेल घाला.

येत्या हंगामाचं बुकिंग करायला जाल, तेव्हा दर विचारण्याआधी एजंटाला दोन प्रश्न विचारा. चेक-इन किती वाजता बंद होतं? आणि आदल्या रात्री आमची सोय कुठे केली आहे? दुसऱ्या प्रश्नावर तो गप्प राहिला, तर एजंट बदला.